प्रवरेकाठचे तीन एकर

गतवर्षी कार्तिक वद्यात आम्ही अकोले तालुक्यातील आपल्या मूळ गावी जाऊन आलो. प्रवास म्हणावा तर एका दिवसाच्या वाटेचा आणि वाहन म्हणावे तर एस. टी. ची तांबडी गाडी. त्यात वर्णन करण्यासारखे काय असणार, असे वाचकांस वाटेल. परंतु ज्या कामासाठी गेलो ते काम आमच्यासारख्या पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे पडून असते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे थोरले बंधू कैलासवासी होऊन सहा वर्षे झाली. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यातील नोकरी सोडून गावी जाऊन राहिला आहे आणि वडिलार्जित तीन एकर जमीन रासायनिक खतावाचून पिकवीत आहे. सेंद्रिय शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यांस अनुदान देण्याची सरकारची जी योजना आहे, तिच्या गटात त्याला आपले नाव घालावयाचे होते. अडचण एवढीच की, सात-बाराच्या उताऱ्यावर त्याचे एकट्याचे नाव नाही. त्याचे व वहिनींचे, आमचे, नाशिकच्या धाकट्या बंधूंचे आणि दोघी भगिनींचे, अशी सहा नावे तेथे सामाईक आहेत. मायलेकांच्या सह्या झाल्या होत्या. उरलेल्या चौघांचे संमतिपत्र हवे होते. वयाने वडील म्हणून ते प्रथम आमच्याकडे आले आणि एक वर्षभर आमच्या कपाटात पडून राहिले.

सही का केली नाही, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. भंडारदऱ्याच्या वाटेवरील जमिनींस प्रवाशांच्या वर्दळीमुळे भाव आला आहे. एका गृहस्थाने विश्रामगृह बांधण्यासाठी आमच्या तीन एकरांस मागणी घातली होती, आणि आमच्या वाट्यास येणाऱ्या रकमेतून चिरंजिवांच्या पुण्यातील घराचे कर्ज बरेचसे फिटले असते. एकदा जमीन योजनेत गुंतली की तीन वर्षे विक्रीचा विषय काढता येणार नाही, हा आमचा हिशेब. शेवटी घरातूनच आज्ञा झाली, “होय म्हणा की नाही म्हणा, पण न पाहता म्हणू नका.” तेव्हा पिशवीत धोतरजोडी, चष्मा आणि तो कागद घालून आम्ही निघालो.

आमचा अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मस्थान या जिल्ह्यात आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. जिल्ह्याच्या पूर्वेस व दक्षिणेस अवर्षणाचा मुलूख, पश्चिमेस सह्याद्रीचा माथा. एकाच जिल्ह्यात कोठे पाऊस चातकासारखा वाट पाहावयास लावतो, तर घाटघर-रतनवाडीकडे तो चार महिने खळत नाही. नगरहून अकोल्यास जावयाचे म्हणजे या दोन टोकांमधून आडवे जाणे होय.

राहुरी ओलांडण्यापूर्वी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची विस्तीर्ण शेते लागतात. पुढे कोल्हारपासून प्रवरेचा टापू सुरू झाला की दोन्ही अंगांस ऊसच ऊस. या हिरवाईचे मूळ आमच्या गावाच्या वरच्या बाजूस आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, त्याचे पाणी कालव्यांनी खाली आले, आणि त्या पाण्यावर पुढे १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने उभा राहिला. डोंगरातील लोकांनी पाऊस झेलावा आणि सपाटीवरील लोकांनी तो पिकवावा, अशी ही वाटणी. आमच्या शेजारी बसलेले कोल्हारचे एक शेतकरी युरियाच्या टंचाईविषयी बोलत होते. पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांस मिळते, ती सरकार उरलेला भार सोसते म्हणूनच. खतांवरील हा भार अलीकडील वर्षांत दर साल दीड लाख कोटी रुपयांहून अधिक झालेला आहे. सेंद्रिय शेतीच्या अनुदानाचा कागद पिशवीत घेऊन चाललेल्या आम्हांस हा आकडा ऐकताना मौज वाटली. एका हाताने सरकार जे सोडावयास सांगते, तेच दुसऱ्या हाताने स्वस्त करून देते.

शेतकऱ्यास सरकारने हात द्यावा, ही गोष्ट या जिल्ह्यास नवी नाही. १८७५ साली पुणे व नगर या जिल्ह्यांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी विहीर, बांध, बैल, बियाणे यांसाठी तगाई मिळू लागली. आमच्या आजोबांच्या दप्तरात तगाईच्या पावत्या आम्ही लहानपणी पाहिलेल्या आहेत. तगाई फेडावी लागे. अनुदान फेडावे लागत नाही. तेवढ्यावरून अनुदान सोपे, असे मात्र कोणी समजू नये.

संगमनेरास गाडी बदलून अकोल्यास पोचलो, तेथून राजूरकडची गाडी धरली, तेव्हा उन्हे कलली होती. ऊस मागे राहिला. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली येणारी भाताची खाचरे, बांधांवर खुरासणीची वाळलेली धाटे, डोंगराच्या कडेस हिरड्याची झाडे. लहानपणाचा तो देखावा बहुतेक तसाच होता. पुतण्या फाट्यावर उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला व पिशवी घेतली. कागदाविषयी एक अक्षर काढले नाही. त्याच्या हाताला पडलेले घट्टे पिशवी घेताना आम्हांस लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेत दाखविले. गोठ्याच्या मागे विटांचा एक जाळीदार हौद होता. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. काडीकचरा, शेण व माती यांचे थर देऊन तीन-चार महिन्यांत खत करण्याची ही रीत पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केली, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. आमच्या सपाटीवरच्या पंडितांस हे सारे खुळ वाटते. परंतु इंदुरास बसून खताचे प्रयोग करणारे आल्बर्ट हॉवर्ड यांनी हिंदी शेतकऱ्यांच्याच रीती पाहून आपली कंपोस्टची पद्धत बांधली, आणि तिला इंदुरी पद्धत हेच नाव जगभर पडले. हौदाशेजारी पिंपात जीवामृत मुरत होते. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन व मूठभर बांधावरची माती दोनशे लिटर पाण्यात कालवून ते करतात. भात निघाल्यावर पेरलेल्या हरभऱ्यास ते द्यावयाचे होते.

खळ्यावर काळभाताची झोडणी चालली होती. या तालुक्यात काळभात, जिरवेल, रायभोग असे जुने वाण अद्याप टिकून आहेत, त्याचे श्रेय मुख्यत्वे येथील बायकांस आहे. कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांचे नाव आता सर्वतोमुखी झालेले आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या महादेव कोळी समाजातील बाईंनी गावरान बियाणे जमविले, बायफ संस्थेच्या साहाय्याने त्याची बियाणे-बँक केली, आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. चाळीस वर्षे मुलांस ‘बीज’ शब्द सर्व विभक्तींत चालवावयास शिकविणाऱ्या आम्हांस, वालाच्या दहा बियांतला भेद डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे तेथे कबूल करावे लागले.

दुपारी ओटीवर बसून आम्ही पुतण्याकडून योजनेचा हिशेब समजून घेतला. परंपरागत कृषी विकास योजना ही केंद्र सरकारने २०१५-१६ साली सुरू केली. एकट्यादुकट्यास ती मिळत नाही; शेतकऱ्यांनी वीस हेक्टरांचा गट करावयाचा, आणि एकास फार तर दोन हेक्टरांपर्यंत लाभ. दर हेक्टरी तीन वर्षांत मिळून ३१,५०० रुपये मंजूर होतात. त्यांतील १५,००० रुपये शेतकऱ्याच्या खात्यात खतबियाण्यासाठी जमा होतात. उरलेले शिक्षण, प्रमाणपत्र, बांधणी-विक्री यांकडे जातात. आम्ही पाठीमागे पाटी नसतानाही गणित मांडले. तीन एकर म्हणजे सुमारे सव्वा हेक्टरांस थोडे कमी. त्याचे तीन वर्षांचे अठरा हजार, वर्षाचे सहा हजार, महिन्याचे पाचशे.

“पाचशे!” आम्ही म्हणालो. “अरे, एका गाईची पेंडसुद्धा पंधरा दिवस पुरावयाची नाही. एवढ्यासाठी सहा जणांच्या सह्या?”

पुतण्या हसला. “काका, मी पाचशेसाठी गटात जात नाही. पहिली दोन-तीन वर्षे उतारा घटतो. रसायन बंद केले म्हणून जमीन लगेच सुधारत नाही आणि तीन वर्षे पुरी झाल्यावाचून सेंद्रियचा शिक्का मिळत नाही. माल चांगला, पण भाव साध्या मालाचा. त्या तीन वर्षांतच माणसे परत फिरतात. गटात असलो की एकमेकांना धरून राहतो. आणि शिक्का एकट्याला घ्यायचा म्हटला तर तो खर्च माझ्या भाताच्या किमतीबाहेर आहे.”

त्याचे बोलणे आम्हांस पटले. जगातील अनुभवही तोच आहे. सिक्कीमने अनेक वर्षे पावलापावलाने जाऊन २०१६ साली सर्व शेती सेंद्रिय केल्याचे जाहीर केले. उलट श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पीक घटले, हाहाकार उडाला आणि काही महिन्यांतच ती बंदी मागे घ्यावी लागली. माती हुकमाने चालत नाही. तिला अवधी द्यावा लागतो, आणि त्या अवधीत शेतकऱ्याच्या घरची चूल पेटती ठेवावी लागते. अनुदान द्यावयाचे ते या अवधीसाठी. ते अपुरे आहे, ही गोष्ट निराळी.

संस्कृताच्या शिक्षकास शब्दाचा मोह सुटत नाही. अनुदान म्हणजे मागून येणारे दान. अगोदर कोणी तरी काही केलेले असले पाहिजे, मग त्याच्या पाठोपाठ दान यावयाचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जनपद वसविण्याचे जे प्रकरण आहे, त्यात शेतकऱ्यांवर धान्य, पशू व द्रव्य देऊन अनुग्रह करावा आणि त्यांनी ते सवडीने परत करावे, असे सांगितलेले आहे. हे आम्ही पुतण्यास मोठ्या समाधानाने सांगितले. तो “हो का?” म्हणून गाईंस पाणी दाखवावयास गेला. आम्ही एकटेच राहिलो, आणि त्याच प्रकरणात किंचित अगोदर काय आहे ते आम्हांस आठवले. जे कसत नाहीत त्यांच्याकडून भूमी काढून घेऊन ती दुसऱ्यांस द्यावी, असे तेथे म्हटले आहे. ते प्रकरण आम्ही किती वेळा वाचले असेल; परंतु न कसणारा तो आपणच, हे ध्यानात यावयास त्या ओटीवर बसावे लागले.

सायंकाळी गटाची पाहणी होती. या योजनेत प्रमाणपत्र देणारा कोणी मोठा साहेब लांबून येत नाही. गटातील शेतकरीच एकमेकांच्या शेतांत हिंडून पाहतात व लिहून देतात. सहभागी हमी पद्धत असे तिला नाव आहे. आपल्याच शेजाऱ्याचा दोष लिहून देणे किती अवघड, हे खेड्यात राहिलेल्यांस सांगावयास नको. त्या दिवशी एकाने बांधावर तणनाशक फवारल्याचे आपण होऊन कबूल केले. क्षणभर कोणी बोलेना. मग त्याच्याच चुलतभावाने म्हटले, “त्या पट्ट्याची तीन वर्षं आजपास्नं धरा.” तसे लिहिले गेले, आणि ज्याचे लिहिले गेले त्यानेच पुढे सर्वांस चहा पाजला. शाळेत चाळीस वर्षे परीक्षा घेतल्या. अशी परीक्षा आम्ही पाहिली नव्हती.

आमच्या शेताशी सर्व जण आले तेव्हा त्याची जागा आम्हांस प्रथमच नीट उमगली. आमचे तीन एकर ओढ्याच्या अंगास सर्वांत वर आहेत. पावसाळ्यात आमच्या खाचरातील पाणी बांध फोडून खालच्या खाचरांत उतरते, तेथून त्याखालच्या. वरच्याने युरिया टाकला किंवा औषध फवारले तर खालच्या कोणाचेही शेत शुद्ध राहत नाही. आणि वर विश्रामगृह झाले तर त्याचे सांडपाणी कोठे जाईल, हे सांगावयास नकाशा लागत नाही. खालची ती शेते कोणाची, हेही सांगितले पाहिजे. एके काळी ती आमच्याच आजोबांची होती. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने कसणारी कुळे मालक मानली गेली, आणि ती त्यांच्याकडे गेली. ते न्यायाचे झाले, असे आम्ही आज म्हणतो. आमचे वडील म्हणत नसत. त्या कुळांपैकी एका घरची वृद्ध बाई पाहणीत होती. तिने आम्हांस ओळखले.

“गुर्जी, लई दिसांनी,” ती म्हणाली. मग हाताने उतार दाखवून बोलली, “तुमचं पाणी आमच्यात येतं. वर जे टाकाल ते आमच्या पोटात.”

तिच्या बोलण्यात ना आर्जव होते ना आरोप. पाणी खाली येते, एवढेच तिने सांगितले. परंतु वर्षभर आम्ही ज्या सहीचा हिशेब आपल्या वाट्याच्या रकमेशी जुळवीत होतो, तिच्यावर किती जणांचे अन्न अडले आहे, हे आम्हांस तेथे त्या बांधावर कळले. आमच्यावाचून गटाचे वीस हेक्टर भरत नव्हते, ही गोष्ट तर पुतण्याने आम्हांस सांगितलीच नव्हती; ती गटाच्या प्रमुखाने बोलता बोलता सांगितली.

रात्री आम्ही चिरंजिवांस दूरध्वनी केला व सर्व सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. “बाबा, हप्ते वीस वर्षांचे आहेत,” तो म्हणाला, “ते तसेही भरायचेच आहेत.” त्याच्या स्वरात आनंद नव्हता, असावा अशी आमची अपेक्षाही नव्हती. घरातील एकास मिळावयाचे ते दुसऱ्यासाठी सोडावयाचे असते, तेव्हा सोडणाऱ्याने हसलेच पाहिजे असे नाही. दिव्याजवळ बसून आम्ही कागदावर सही केली. वहिनी आतून आल्या, त्यांनी कागद पाहिला, आणि काही न बोलता देवापुढे ठेवला.

परतीच्या वाटेवर आम्ही नाशिकास उतरलो. धाकट्या बंधूंनी सही केली, परंतु पुष्कळ प्रश्न विचारून. ते रास्तच होते. थोरल्या भगिनींनी टपालाने कागद पाठविला. धाकट्या भगिनीची सही हे लिहीपर्यंत आलेली नाही. तिचा हिस्सा कायद्याने आमच्याइतकाच आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने तो निःसंशय झालेला आहे. तिच्या घरी लग्नकार्य आहे व तिला पैशांची निकड आहे. आम्ही तिला दडपण घातलेले नाही. फक्त पुढील सुट्टीत गावी येऊन ते खाचर एकदा पाहा, एवढे लिहिले आहे. ती नाही म्हणाली तर तिच्या वाट्याची किंमत आम्ही भावंडांनी मिळून द्यावी, असा विचार आहे. कशी द्यावी, हे अद्याप ठरलेले नाही.

सरकारचे अनुदान तोकडे आहे, उशिरा येते, कागद फार मागते, ही तक्रार खरी आहे आणि ती केली पाहिजे. परंतु त्या कागदांतील एक कागद वर्षभर अडला होता तो कोणत्याही कचेरीत नव्हे, तर आमच्या कपाटात, धुतलेल्या धोतरांखाली. ज्यांची नावे गावच्या उताऱ्यावर आहेत आणि पावले वर्षानुवर्षे गावाकडे वळलेली नाहीत, अशी घरे आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत तो उतारा एकदा बाहेर काढावा. विकावयाचे असेल तर विकावे, वाटावयाचे असेल तर वाटावे, कसणारा घरचाच असेल तर त्यास संमती द्यावी. पण काही तरी ठरवावे. आपले नाव वरच्या खाचरासारखे असते. त्याच्या खाली कोणाचे शेत आहे, हे तेथे जाऊन पाहिल्यावाचून कळत नाही.

पुतण्याने निघताना पिशवीत पाच शेर काळभात घातला होता. घरी तो शिजला तेव्हा वास शेजारपर्यंत गेला, आणि शेजारच्या वहिनींनी भाव विचारला. “अजून साध्याच भाताचा,” आम्ही सांगितले. “आणखी दोन वर्षांनी विचारा.”